एकतीस पावलं

पहारचा हात लागला की वस्तू हलते, असं त्याच्या टोळीतले हमाल म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. लोखंडी कपाट असो, दोन माणसांच्या उंचीचा आरसा असो, पाचव्या मजल्यावरचा शिसवी पलंग असो, इतर जण जिना मोजत बसायचे तोवर हा पट्टा खांद्यावर टाकून निघालेला असायचा. लोकांची घरं हलवणं हा त्याचा धंदा. एक संसार एका जिन्यानं उतरवायचा, दुसऱ्या जिन्यानं चढवायचा, टिचभर ओरखडा न पडता. त्याचं खरं नाव फक्त मुकादमाच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांना तो पहार. सरळ, जड, आणि वाकवायला गेलं तर वाकवणाऱ्याचाच हात मोडेल अशी.

दुसऱ्याच्या घरातली काचेची बाहुली कापसात गुंडाळून नेणारा हा हात स्वतःच्या घरात मात्र सैल सुटायचा. चार महिन्यांपूर्वी तो बायकोच्या डाव्या कानावर पडला. कारण काय, तर तिनं झाडताना त्याचे कामाचे बूट दाराच्या या बाजूचे त्या बाजूला ठेवले होते. जन्मभर जगाचं सामान हलवणाऱ्याला आपलं एवढंसं सामान हललेलं खपलं नाही. कानाचा पडदा फाटला. बायको एका दुकानात खिडक्यांचे पडदे शिवायची. डॉक्टरकडून परत येताना तिनं रस्त्यातच सांगितलं, "अहो, मी रोज वीस पडदे शिवते. हा एक मला शिवता येणार नाही." आणि दहा वर्षांच्या लेकीचं, ठकीचं बोट धरून ती भावाकडे निघून गेली.

भाऊ बस चालवायचा. अंगानं बसएवढाच. पहार तीन वेळा त्याच्या दारात गेला आणि तीनही वेळा मेहुण्यानं दोन्ही हात चौकटीला लावून सांगितलं, "दाजी, गाडी भरलीय. पुढच्या गाडीनं या."

पुढची गाडी आली ती ठकीच्या शाळेतून. सुटीच्या दिवशी सकाळी कुटुंब-दौड होती, सात किलोमीटर. शाळेनं अर्ज वाटले आणि ठकीनं कुणाला न विचारता त्यावर तीन नावं लिहून टाकली. रात्रभर विचार करून बायकोनं फोन केला.

"एक सकाळ," ती म्हणाली. "आवाज चढवायचा नाही. हात उचलायचा नाही. कुणावरही."

"कुणावरही म्हणजे?"

"म्हणजे कुणावरही. रस्त्यावरच्या माणसावर उचललेला हातच शेवटी घरी येतो. ही एक सकाळ नीट गेली, तर सोमवारी आम्ही दोघी घरी येतो. नाही गेली, तर मला पुन्हा फोन करू नका."

पहारनं फोन ठेवला आणि त्याच दिवशी खोलीला चुना लावायला घेतला. चार महिने गळणारा नळ बदलला. कुणीतरी घर सोडताना टाकून दिलेलं एक लहान टेबल होतं, ते घासूनपुसून ठकीच्या अभ्यासाला खिडकीशी लावलं. माणूस वाईट होता का? नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. रडायचा खरं, मारायचाही खरं. नुसत्या रडण्यानं माणूस धुतला जात असता तर जगात एकही मळका माणूस उरला नसता.

सुटीच्या सकाळी साडेसहाला मोठ्या रस्त्यावर ही गर्दी. छातीवर नंबर टाचलेले आजोबा, ढकलगाडीतली तान्ही, नवे कोरे बूट घालून आधीच लंगडणारे जावई. दुकानं बंद, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी अडथळे आणि अडथळ्यांमागे बघे. एका कोपऱ्यावर शाळेच्या पोरांचं ढोल-पथक धडाधडा वाजवत होतं. मेहुणा स्पर्धेत नव्हता. पाण्याच्या बाटल्या टोपलीत घालून तो सायकलवर, फुटपाथच्या कडेनं, बहिणीवर नजर ठेवून येणार होता.

"दाजी," तो म्हणाला, "मी मागेच आहे हं."

"बरं आहे," पहार म्हणाला. आवाज चढवला नाही. एक गुण कमावल्यासारखं त्याला वाटलं.

नियम साधा होता. कुटुंबातला शेवटचा माणूस ज्या क्षणी रेघ ओलांडेल, ती सगळ्या कुटुंबाची वेळ. एकटा पुढे पळून उपयोग नाही.

सुरुवातीलाच धक्काबुक्की झाली. पिवळी टोपी घातलेला एक पन्नाशीचा माणूस, दोन दांडगे मुलगे घेऊन, मागून घुसला. पहारच्या पायावर पाय पडला. वर तोच म्हणाला, "अहो पैलवान, रस्ता काय विकत घेतलाय?"

पहारच्या मानेची शीर उभी राहिली. बायकोनं फक्त त्याच्याकडे बघितलं. त्यानं थुंकी गिळली आणि तो बाजूला झाला.

पहिले तीन किलोमीटर बरे गेले. ठकी तुरूतुरू पळत होती आणि पळता पळता बोलत होती. "बाबा, ते बघा, तो माणूस चपला घालून पळतोय. बाबा, आई तुमच्यापेक्षा फास्ट आहे. बाबा, तुम्ही धापा टाकताय की हसताय?" पहार हसत होता. खरंच हसत होता. टोपीवाला आणि त्याचे मुलगे कधी पुढे, कधी मागे. एकदा शेजारून जाताना तो बायकोला म्हणाला, "ताई, पळताय की बाजाराला निघालाय?" बायको फटकन म्हणाली, "बाजाराला. पिवळा भोपळा दिसला, थांबले." मुलगे बापाच्या टोपीकडे बघून फिदीफिदी हसले. टोपीवालाही हसला. विनोद विनोदाला भेटला, मिटलं. पण पहारच्या मनात तो बाजाराचा टोमणा काट्यासारखा राहिला. काही माणसांना हसण्यातसुद्धा शिवीच ऐकू येते.

चौथ्या किलोमीटरला ठकीच्या पोटात कळ आली. ती वाकली.

"थांबू या," बायको म्हणाली.

"थांबायचं कशाला? मी नेतो तिला," पहार म्हणाला आणि त्यानं कमरेचा पट्टा सोडला.

आता या पट्ट्याचं थोडं ऐका. घरं हलवणारा माणूस सुटीच्या दिवशीही कमरेला तो पट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही, पाठ धरते. सुती विणीचा, चार बोटं रुंद, दोन पुरुष लांब. पहारनं त्याचं एक टोक स्वतःच्या खांद्यावरून आडवं घेतलं आणि दुसरं ठकीच्या कमरेला बांधलं. दुसरा कुणी बाप असता तर त्यानं फुलाची गाठ मारली असती, बुटाच्या नाडीला मारतात तशी. पण हातांना जी गाठ पंचवीस वर्षं येत होती तीच त्यांनी मारली. हमालांची ओझ्याची गाठ. तिची खोड अशी, की ओढ बसली की ती आवळत जाते, कुणाच्या बापाला सुटत नाही. ढील दिली की मग नुसत्या बोटानं उलगडते. कपाट घसरू नये म्हणून ही गाठ. कपाटाला श्वास घ्यायचा नसतो.

"घट्ट नाही ना?" बायकोनं विचारलं.

"मस्त आहे! बाबा, ओढा!" ठकी म्हणाली.

आणि पुलाचा चढ त्यांनी असा पार केला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहार पुढे झुकून, पट्टा ताणलेला, मागे ठकी अर्धी पळत अर्धी तरंगत, "हट् घोड्या, हट्!" म्हणून ओरडत. बायको शेजारून पळत होती. पुलाच्या माथ्यावर वारा लागला तशी ती हसली. चार महिन्यांनी पहारनं ते हसू पाहिलं, आणि त्याला वाटलं, सोमवार आला. आलाच.

पूल उतरल्यावर रस्ता अरुंद होत होता. अडथळे दोन्ही बाजूंनी आत घेतलेले, मधून जेमतेम चार माणसं जातील एवढी वाट. तिथे मागून टोपीवाल्याची तुकडी आली. धाकट्या मुलानं आत शिरताना कोपर मारलं. मुद्दाम मारलं की लागलं, देव जाणे. बायको अडथळ्यावर आपटली, लोखंडी नळीवर तोंड आदळलं, आणि ती खाली बसली. ओठ फाटून हनुवटीवरून रक्त ओघळलं.

"मागचं बघून पळावं की माणसानं!" टोपीवाला जाता जाता ओरडला.

पहारचा हात वर गेला. मूठ आवळलेली, कोपर मागे, पाय रोवलेला. धाकटा मुलगा अजून हाताच्या टप्प्यात होता. एक ठोसा पडला असता तर त्या पोराच्या नाकाचं पीठ झालं असतं.

"नाही," बायको खालून म्हणाली. तोंडात रक्त असताना एवढा एकच शब्द.

पहारनं मूठ उघडली. हे त्याच्या आयुष्यातलं मोठं काम होतं, आणि आपण ते मान्य केलं पाहिजे. त्या क्षणी तो जिंकलाच होता. तिथेच खाली बसून बायकोचा ओठ पुसला असता तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती.

पण मुठीतला राग मूठ उघडली म्हणून वाफेसारखा उडून जात नाही. त्याला वाट हवी असते. हाताची वाट बंद झाली, तो पायांत उतरला.

"तुम्ही दोघं व्हा पुढे, मी येते हळूहळू," बायको ओठाला पदर लावत म्हणाली. तिला म्हणायचं होतं, चालत व्हा.

पहार पळाला.

हात उचलायचा नाही ना? नाही उचलत. पायानं दाखवतो त्या पिवळ्या टोपीला. त्याच्या आधी रेघ ओलांडतो, मग वळून बघतो त्याच्याकडे, नुसता बघतो. बायको मागे राहिली म्हणजे वेळ कुणाची धरणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात उरलाच नव्हता. डोक्यात फक्त एक पिवळा ठिपका होता, साठ-सत्तर हातांवर, वरखाली होणारा.

"बाबा, हळू," ठकी म्हणाली.

"आलंच, आलंच."

"बाबा, माझा बूट..."

"आलंच गं!"

आणि मग पट्टा जड झाला.

घरं हलवणाऱ्याला ओझं अचानक जड होणं नवीन नसतं. जिन्यात खालच्या माणसाचा पाय घसरतो, कपाटाचा सगळा भार वरच्याच्या पट्ट्यावर येतो. अशा वेळी काय करायचं हे पहारला त्याच्या पहिल्या मुकादमानं शिकवलं होतं, ओला पट्टा पोटऱ्यांवर मारून मारून शिकवलं होतं. मागे बघायचं नाही. थांबायचं नाही. ओझं वाढलं की पुढे झुकायचं आणि पायऱ्या मोजायच्या. थांबलास तर खालचा मेला. पंचवीस वर्षं हे त्याच्या हाडात होतं. त्यानं मागे बघितलं नाही. तो पुढे झुकला आणि मोजायला लागला. एक. दोन. तीन.

मागून ओरडण्याचा आवाज आला. बारीक, उंच. पुढच्या चौकातलं दुसरं ढोल-पथक समोरच वाजवत होतं, बघे अडथळ्यांवर वाकून हात हलवत ओरडत होते. सहा. सात. पट्टा खांद्यात रुतला, त्यानं दात खाल्ले. अकराव्या पावलाला त्यानं पिवळ्या टोपीला मागे टाकलं. टोपीवाल्यानं वळून त्याच्याकडे, मग त्याच्या मागे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, ते पहारला ओझरतं दिसलं. घाबरला, पहारला वाटलं. घाबरू दे. बारा. तेरा. लोक आणखी ओरडायला लागले. शाबासकीच ती. अठराव्या पावलाला ओझं दुप्पट झालं. असं कधी झालं नव्हतं. त्यानं खाली वाकून, जवळजवळ हात जमिनीला टेकतील असं अंग टाकलं आणि ओढलं. वीस. चोवीस. मांड्या फाटायला आल्या. एकोणतीस, तीस, एकतीस. आणि मग पट्टा भिंतीला बांधल्यासारखा थांबला.

तो वळला.

मागे पिवळी टोपी नव्हती, ती कुठेतरी पडली होती. टोपीवाला रस्त्यावर बसलेला होता, टाचा डांबरात रोवून, पट्ट्याचे दोन वेढे दोन्ही तळव्यांना घेऊन, मागे रेललेला. चोर, पहारच्या डोक्यात आलं. हरायला लागला तर पट्टा धरून बसला.

तो दोन ढांगांत त्याच्यावर गेला. पहिला ठोसा तोंडावर बसला, दात मोडल्याचा आवाज पहारला आपल्या बोटांच्या पेरांत जाणवला. दुसरा तिथेच. टोपीवाल्याचं डोकं मागे गेलं, पुढे आलं. तिसरा जबड्याच्या सांध्यावर, पूर्ण खांद्यातून, ज्या खांद्यानं तो कपाटं उचलायचा त्या खांद्यातून. माणूस आडवा झाला. पण पट्टा सोडेना. हाताची कातडी सोलून पट्टा लाल झाला होता तरी सोडेना.

"सोड! सोड म्हणतो ना!" पहारनं चौथा उगारला.

टोपीवाल्याच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला आणि त्यातून शब्द आले. "पोर... मागे पोर आहे रे."

मग पहारनं बघितलं.

ठकी पालथी पडली होती. शर्ट काखेपर्यंत वर सरकलेला, पट्टा बरगड्यांखाली इतका रुतलेला की दिसतच नव्हता. गुडघे, कोपरं, पोट, हनुवटी, सगळीकडची कातडी रस्त्यानं घेतली होती. एक मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. तिच्या मागे डांबरावर एक ओला पट्टा उमटला होता, आणि त्याच्या शेवटी, लांब, तिचा एक बूट. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जाण्यासाठी ती धडपडत होती.

देव केव्हा कुणाच्या रूपानं धावून येईल सांगता येत नाही. त्या सकाळी तो तोंडाळ माणसाच्या रूपानं, पिवळी टोपी घालून आला होता, आणि पहारनं त्याचे दात पाडले होते.

पहार ठकीकडे वळणार, एवढ्यात बाजूनं सायकल आडवी येऊन आदळली आणि सायकलीमागून मेहुणा. त्यानं पहारला कमरेत धरून उचललं आणि अडथळ्यावर फेकलं. लोखंडासकट पहार कोसळला. मग मेहुणा त्याच्या छातीवर बसला.

"मेल्या! हलकटा! पोटच्या पोरीला जनावरासारखी फरफटत..." 'दाजी' हा शब्द कुठल्या कुठे गेला होता. प्रत्येक शब्दाला एक ठोसा. नाक फुटलं. भुवई फाटली. बरगडीत काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं. बाटल्यांची टोपली सांडून पाणी रस्त्यावर पसरलं होतं, त्यात पहारचं डोकं आपटत होतं. पहारनं हात वर केला नाही. हा काही त्याचा संयम नव्हता, पुण्य तर नव्हतंच. आपल्याला हात आहेत हेच तो विसरला होता. त्याचे डोळे मेहुण्याच्या मांडीशेजारून ठकीवर होते, आणि रक्त डोळ्यांत जाऊन ती दिसेनाशी व्हायची तेवढंच त्याला लागत होतं.

तिघांनी मिळून मेहुण्याला ओढून काढलं. टोपीवाल्याचा थोरला मुलगा आला आणि त्यानं पडलेल्या पहारच्या पोटात लाथ घातली. एक. दुसरी घालणार तर बापच जमिनीवरून बोबड्या तोंडानं ओरडला, "पुरे रे! पोरीकडे बघा आधी!"

तेवढ्यात बायको आली. ओठ सुजलेला, पदर लाल. ती नवऱ्याला ओलांडून गेली, दगड ओलांडावा तशी, आणि मुलीपाशी गुडघ्यांवर बसली. एक स्वयंसेवक गाठ सोडवायला नखं तोडून घेत होता. "कापायला काहीतरी आणा," तो ओरडत होता. बायकोनं टोपीवाल्याच्या हातातला पट्टा आपल्याकडे सैल ओढला, बोट घातलं, आणि गाठ उलगडली. ठकीच्या छातीत हवा गेली. मग ती किंचाळली. ती किंचाळी ऐकून ढोल वाजवणारी पोरं वाजवायची थांबली.

पुढे उपचाराचा तंबू होता. एका खाटेवर ठकी, शेजारच्या खाटेवर टोपीवाला. डॉक्टरीणबाई ठकीच्या गुडघ्यातली खडी चिमट्यानं वेचत होत्या आणि प्रत्येक खडा पत्र्याच्या ताटलीत टाकला की टिण् वाजायचं. मनगट मोडलं होतं. बाकीचं भरून येईल, त्या म्हणाल्या, खुणा राहतील.

पहार तंबूच्या कनातीशी जमिनीवर बसला होता. हवालदार आला.

"या माणसाला कुणी मारलं?"

"मी," पहार म्हणाला.

"आणि तुला?"

मेहुणा दोन पावलांवर उभा होता, पेरं सोललेली. पहार म्हणाला, "ते मला मिळायचंच होतं. ते लिहू नका."

टोपीवाल्याचे दोन्ही तळवे बँडेजमध्ये गुंडाळले होते. तो घोटभर पाण्यासाठी खुणावत होता आणि मुलगे गाडी आणायला गेले होते. पहार उठला. बरगडी धरून, वाकून, त्यानं पेला भरला आणि खाटेपाशी जाऊन पुढे केला. त्याचा हात जवळ येताना पाहून टोपीवाल्यानं मान आखडली, डोळे मिटले, खांदा कानाशी घेतला. पन्नाशीचा, दोन दांडग्या मुलांचा बाप. ही हालचाल पहारला चांगली ओळखीची होती. घरात बूट काढताना हात खाली नेला तरी दोघी असंच करायच्या. त्याला वाटायचं, नाटकं करतात.

त्यानं पेला हवालदाराच्या हातात दिला. "तुम्ही पाजा. माझ्या हातचं त्यांच्या गळ्याखाली उतरणार नाही."

"बाबा," ठकीनं हाक मारली. तोंडाला औषध लावलेलं, शब्द जाड झालेले.

तो तिच्या खाटेपाशी गेला, पण तीन हात अलीकडेच थांबला. बायको उशाशी बसली होती. मेहुणा मध्ये येऊन उभा राहिला.

"मी ओरडत होते," ठकी म्हणाली. "तुम्हाला ऐकू नाही आलं?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. उत्तर तिला पाठ होतं. अकरा वर्षं ती ते ऐकत आली होती. मला दिसलं नाही. मला कळलं नाही. सहज हात लागला. आज तर उत्तर आयतंच होतं. ढोल होते, गर्दी होती, सगळा रस्ता ओरडत होता. नाही आलं म्हटलं असतं तर हवालदारानंही मान डोलावली असती. मेहुण्यानंसुद्धा, कदाचित. पोरीनं तर नक्कीच, तिनं प्रश्नच तसा विचारला होता, बापाला पळवाट ठेवून.

पहारच्या तोंडून शब्द निघाला. जिन्यात अडकलेलं कपाट हलावं तसं, भिंत खरवडत.

"आलं," तो म्हणाला.

"मग?"

"आलं होतं, ठके. पहिल्यांदा ओरडलीस तेव्हाच आलं. तूच आहेस हेही कळलं होतं. मला वाटलं, थांबलो तर तो पुढे जाईल."

ठकीनं विचार केला. डॉक्टरीणबाईंचा चिमटा थांबला होता.

"तो म्हणजे हे काका?" तिनं शेजारच्या खाटेकडे बोट केलं, चांगल्या हाताचं. "पण हे तर मागे होते. तुम्ही त्यांच्या पुढे गेलात. मी बघितलं ना, ते माझ्या बाजूलाच आले. मग तुम्ही का नाही थांबलात?"

पुढे कुणी नव्हतं. अकरा पावलांनंतर पुढे मोकळा रस्ता होता आणि तो ओढतच राहिला होता. पहार बरगडी धरून उभ्या उभ्या पुढे झुकला. मेहुण्यानं पडेल म्हणून त्याचा दंड धरला, आणि आपण काय धरलंय हे लक्षात आल्यावर सोडला.

"माहीत नाही गं," पहार म्हणाला.

ठकीनं तोंड कनातीकडे फिरवलं. बायकोनं तिच्या केसांतून हात फिरवला, मग नवऱ्याकडे न बघता बोलायला लागली. ओठ सुजल्यामुळे सावकाश.

"सोमवारी आम्ही येत नाही."

"बरं."

"त्याच्या पुढच्याही नाही. कधी येऊ, येऊ की नाही, ते आज मला विचारू नका."

"नाही विचारत."

ताटलीत एक खडा वाजला. मग ती म्हणाली, "तुम्ही कधी खरं बोलत नाही. आज बोललात. का बोललात ते मला कळत नाही, आणि त्यानं तिचं मनगट जुळत नाही." तिनं श्वास घेतला. "दादाच्या बिल्डिंगखाली बाक आहे. रविवारी सकाळी येऊन बसायचं तर बसा. वर यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तिला वाटलं तर ती खाली येईल, दादा बरोबर असेल. नाही वाटलं तर उठून जायचं."

"किती वेळ बसू?"

"ते तुम्ही ठरवायचं नाही. ती ठरवेल."

पहारनं मान हलवली. मेहुण्याकडे बघून तो म्हणाला, "चालेल ना?"

"बाकावर जागा आहे," मेहुणा दुसरीकडे बघत म्हणाला.

हवालदारानं पहारच्या पाठीला हात लावला. बाहेर शेवटची कुटुंबं रेघ ओलांडत होती, कुणीतरी भोंग्यावरून नंबर पुकारत होतं. चालताना प्रत्येक पावलाला बरगडी आत टोचत होती.

"साहेब," पहारनं विचारलं, "रविवारपर्यंत सुटेन का मी?"

"अरे, आज काय केलंस ते सांग आधी, मग रविवारचं बघू," हवालदार म्हणाला.

चौकीत टेबलामागच्या जमादारानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, भांडण कशावरून झालं, आधी कुणी काढलं. पायावर पडलेला पाय, बाजाराचा टोमणा, लोखंडावर आपटलेला बायकोचा ओठ, सगळं पहारच्या जिभेवर होतं आणि सगळं खरं होतं. त्यानं त्यातलं काही सांगितलं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "मुलीला मी बांधलं होतं."